दक्षिणेकडची चौकट

सूर्य पाहिल्याशिवाय मनुबाई अन्नाला शिवत नसे. एकुलता एक लेक आकाराम पलटणीत भरती होऊन बोटीत बसला, त्या दिवशी तिनं हा नेम धरला. आपण इथून पाहतो तोच सूर्य तिकडं पोराच्या डोक्यावर असणार. तेव्हा आधी त्याला ओंजळभर पाणी, मग आपल्याला भाकरी. पावसाळ्यात आभाळ दोन-दोन दिवस गच्च राही आणि मनुबाई उपाशी. ढगाला एवढीशी चीर पडली की शेजारची रंगुबाई कुडावरून ओरडायची, "मने, आला गं तुझा देव! बघ आन जेव बिगीबिगी, न्हाईतर जाईल परत!"

चव्वेचाळीस साली इटलीच्या मुलखात आकाराम पडला. तार आली. आता नेम सुटेल, असं लोकांना वाटलं. सुटला नाही. "त्याच्यासाठी धरला हुता, त्याच्यासाठीच चालू हाय," एवढंच ती म्हणाली.

अशा बाईच्या शब्दाला गावात वजन असतं. एकादशी कधी, हळद लावायला दिवस कोणता, नव्या विहिरीला नारळ कुठल्या अंगाला फोडायचा, हे हिवरखोपातली माणसं जोशीबुवांच्या आधी मनुबाईला विचारत. ती क्षणभर डोळे मिटून हळू आवाजात सांगे, आणि ती सांगेल तसं होई. तिचा एक शब्द मात्र चुकला, आणि तोही अशा जागी चुकला की आख्खं मैदानच आडवं झालं.

मैदान काढलं होतं नाथाजीनं. हा आकारामचा लहानपणापासूनचा सवंगडी. शेहेचाळीसचा पावसाळा सरता सरता तो कराडच्या ठेसनावर उतरला, तो डाव्या पायानं लंगडतच. ट्रंकेत दोन वस्तू त्यानं जिवापाड जपून आणल्या होत्या. एक म्हणजे हवा काढून चपटा केलेला चामड्याचा फुटबॉल, आणि दुसरी चौघडी घातलेला कागद. पलटणीच्या संघात नाथाजी पुढं खेळे आणि आकाराम गोल राखी. इटलीत एका लहानशा शहराबाहेर त्यांचा तळ होता, तिथं टेकडीच्या कुशीत एक मैदान होतं. टेकडीलाच पायऱ्या पाडलेल्या, नदीच्या घाटासारख्या, आणि खाली हिरवंगार सपाट मैदान. शेवटच्या पायरीवरच्या माणसालासुद्धा चेंडू स्वच्छ दिसायचा. नाथाजीनं पेन्सिलीनं त्याचं चित्र उतरून घेतलं होतं. जित्ते परत गेलो तर आपल्या टेकडीखाली असंच करायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. त्यातला एक परत आला.

गावाच्या पश्चिमेला टेकडी, आणि तिच्या पायथ्याला नाथाजीच्या वाटणीचा खडकाळ माळ. दिवाळी झाल्यावर त्यानं तिथं खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणली. गावानं आधी चेष्टाच केली.

"नाथ्या, कुस्तीचा हौद कर की रं," हरिबा म्हणाला. हा गावातला सगळ्यांत धिप्पाड गडी, आणि त्याचा फेटाही तसाच टोपलीएवढा. "चेंडवाला लाथा घालायला येवढं रान कशाला?"

"तात्या, कुस्तीला दोगं लागत्यात. ह्याला बावीस लागत्यात."

"आन बगनारं?"

"बगनारं आख्खं गाव."

"मंग हाय बरं," हरिबा म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोच कुदळ घेऊन हजर झाला.

पायऱ्यांचं काम सुरू झालं तेव्हा नाथाजीला आपल्या चित्रातली पहिली चूक सापडली. कागदावर प्रत्येक पायरीची उंची लिहिलेली होती; पण तिकडची माणसं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेऊन बसत, आणि इथं फेटा काढून बसायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. मग त्यानं हरिबाला फेट्यासकट पहिल्या पायरीवर बसवलं, त्याच्यामागं ठेंगण्या गुंडा सुताराला बसवलं आणि खाली मैदानाच्या कडेला तांब्या ठेवला.

"दिसतुय का तांब्या?"

"फेटा दिसतुय," गुंडा म्हणाला.

गुंडाची पायरी चार बोटं वाढवली. "आता?"

"आता बी फेटाच. जरा रंग उडालाय, येवढं कळालं."

हसून हसून लोकांचे हात थांबले. शेवटी वीतभर माती चढवली तेव्हा गुंडाला तांब्या दिसला, आणि हिवरखोपच्या मैदानाचं माप ठरलं. मागच्याची नजर पुढच्याच्या फेट्यावरून जाईल एवढी पायरी. मनुबाई तेव्हा कामकऱ्यांना गूळपाणी घेऊन आली होती. तीही पदराआड हसली. मैदानाला आकारामचं नाव द्यायचं ठरलं होतं. रथसप्तमीला पहिला सामना ठेवायचा. सांगलीच्या पेठेतल्या तरण्या पोरांच्या संघाला तसं पत्रही गेलं होतं. दिवस मनुबाईनंच सुचवला होता. सूर्याचा दिवस.

घोटाळा झाला तो गोलाच्या चौकटीपाशी.

नाथाजीच्या कागदावर मैदान टेकडीला धरून लांब होतं, एक गोल उत्तरेला आणि एक दक्षिणेला. गुंडानं बाभळीचे खांब तासले, वर आडवी तुळई बसवली, मागं लावायला भोयांकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं. पण उत्तरेची चौकट उभी करायच्या वेळी तो हातातली छिन्नी खाली ठेवून बसला.

"हिचं तोंड दक्षिणेला येतंय की गा," तो म्हणाला. "माझ्या बापानं न्हाई, आज्यानं न्हाई, आमच्यात कुनी दक्षिणेला दार लावलं न्हाई. ते यमाचं अंग. तिथनं पोरं खेळनार. वंगाळ काय झालं तर नाव माझ्या हाताला."

"गुंडाबापू, हे दार न्हवं, गोल हाय."

"दोन खांब, वर तुळई. मला सुताराला ईच्यार, ह्याला काय म्हनत्यात."

वाद नको म्हणून नाथाजी मनुबाईच्या ओसरीवर आला. ती वाती वळत होती.

"काकी, दक्षिणेला चौकट चालंल का वो?"

"न्हाई बाबा," मनुबाई म्हणाली. "दक्षिणेला दार ठेवत न्हाईत." तिनं वातीवरची नजरसुद्धा उचलली नाही.

नाथाजीनं हातातल्या कागदाची पुन्हा चौघडी केली. तो "बरं," म्हणून लंगडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मैदान फिरवलं. गोल पूर्व-पश्चिमेला गेले. टेकडीच्या पायऱ्या आता मैदानाच्या लांबीला न राहता एका गोलाच्या पाठीमागं आल्या. पलीकडचा गोल तिथून काडेपेटीएवढा दिसू लागला. नाथाजी त्याबद्दल कुणाला काही म्हणाला नाही.

रंगुबाई मात्र म्हणाली. नदीवर धुणं धुताना, बोलता बोलता. "बरं झालं गं मने, तुझी हळद वाचली."

"कसली हळद?"

"आगं, मैदान लांब हुतं तवा त्याची सुतळी तुझ्या हळदीत चाळीस पावलं आत आली हुती न्हवं? आता आखडली."

मनुबाईनं लुगडं दगडावर आपटलं. सुतळी तिनं पाहिली होती. मैदानाच्या उत्तरेला लागून तिचं अर्धा एकर रान होतं, त्यातच हळद उभी होती. सकाळी अर्घ्य द्यायला ती त्याच बांधावर उभी राही. नाथाजीनं जमीन मागितली नव्हती. आकारामच्या आईपुढं पदर पसरायला त्याला जड जात असणार. पण खुंट्या बोलत होत्या.

पौष अर्धा सरला. एका गुरुवारी दुपार कलल्यावर नाथाजीनं पोरांना पहिल्यांदा नव्या मैदानावर खेळवलं. मनुबाई भाकरीची पाटी घेऊन आली, ती पूर्वेकडच्या गोलापाशी थांबली. तिथं बाळासो उभा होता. हा कुंभाराचा वीस-बावीस वर्षांचा मुलगा. चिखल तुडवून पाय मजबूत आणि चाकावर बसून हात सावध झालेले, म्हणून नाथाजीनं त्याला गोल राखायला घेतला होता.

सूर्य टेकडीच्या हातभर वर होता. पलीकडून पोरं चेंडू घेऊन आली. बाळासोनं डावा हात कपाळावर आडवा धरला, मान इकडं वळवली, तिकडं वळवली. चेंडू त्याच्या खांद्याजवळून गेला आणि भोयांच्या जाळ्यात जाऊन पडला. तो गेल्यावर मग बाळासोनं उडी मारली.

"आरं, झोपला हुतास का?" पोरं ओरडली.

"दिस डोळ्यावर येतुय गड्या! कायच दिसंना!"

"दिसाला नाव ठेवतुय बघा. नाचता येत न्हाई ते बोला की!"

नाथाजीही तापला. "बाळ्या, नजर चेंडवावर ठेव. दिसावर कशाला ठेवतुस?"

मनुबाईनं पाटी खाली ठेवली, आणि भाकरी न वाटताच ती घरी आली.

देव्हाऱ्यात हळद-कुंकवाच्या करंड्याखाली आकारामची सात पत्रं होती. तिला वाचता येत नव्हतं; पण मास्तरांनी इतक्या वेळा वाचून दाखवली होती, की कोणत्या पत्राचा कागद कसा दुमडला आहे यावरून आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिसरं पत्र तिनं मांडीवर घेतलं आणि मनातल्या मनात म्हटलं, रोजचं स्तोत्र म्हणावं तसं.

"तीर्थरूप आईस आकारामचा साष्टांग दंडवत. मी खुशाल आहे. काल दुसऱ्या पलटणीशी सामना झाला. मी गोलात होतो. दिवस मावळतीला आलेला, सूर्य नेमका माझ्या डोळ्यांसमोर. चेंडू आला तो दिसलाच नाही. आम्ही हरलो. सगळे मला बोलले. आई, तू रोज ज्याला पाणी घालतेस त्याला सांग, सामन्याच्या वेळी जरा बाजूला हो म्हणावं."

तेव्हा ती हसली होती. आणि दुसऱ्या दिवशी अर्घ्य देताना तिनं खरोखरच सूर्याला तसं सांगितलंही होतं.

आता तिला हसू येईना. सूर्य कुठला बाजूला होतोय! सहा वर्षं ती त्याचं येणं-जाणं पाहत होती. संक्रांतीला तो हरिबाच्या विहिरीवरच्या चिंचेमागून उगवे, वैशाखात कृष्णेच्या वळणावरून. मावळतानाही तसाच, टेकडीच्या या खांद्यावरून त्या खांद्यावर. पण फिरून फिरून तो किती फिरणार? मावळायला म्हणून तो ना कधी नीट दक्षिणेच्या टोकाला गेला, ना उत्तरेच्या. गोल त्या दोन टोकांना असते तर राखणाऱ्याच्या डोळ्यांत मावळता सूर्य कधी उतरलाच नसता. नाथाजीच्या कागदावर नेमकं तसंच होतं. आपण एका शब्दात ते फिरवलं.

आणि तो शब्द तोंडातून इतका चटकन कसा आला? दक्षिणेला दार नको, हे खरंच. पण एरवी कुणी काही विचारलं तर ती क्षणभर डोळे मिटत असे, देवाला विचारून मग बोलत असे. त्या दिवशी वातीवरची नजरही उचलली नव्हती. नेम बोलला, की हळद बोलली? शुक्रवारभर ती हाच प्रश्न घेऊन घरातून बांधावर आणि बांधावरून घरात येत-जात राहिली. सकाळी अर्घ्य दिलं, तेव्हा ओंजळ रिकामी होईपर्यंत तिला वर बघवलं नाही. वर बघितलं नाही म्हणजे दर्शन झालं नाही. तिनं भाकरी केली आणि तशीच झाकून ठेवली.

"आभाळ तर निवळ हाय की," रंगुबाई कुडावरून म्हणाली. "आज का गं उपाशी?"

"आज माज्यातच ढग हाय," मनुबाई म्हणाली.

शनिवारी ती तेल घेऊन वेशीतल्या मारुतीला गेली. आकाराम जन्मला तेव्हापासून दर शनिवारी ती तिथं तेल घालत आली होती. वाटी रिकामी करून तिनं हात जोडले, आणि सूर्य कुठल्या अंगाला आहे हे ती सवयीनं पाहायला गेली. तो तिच्या उजव्या हाताला होता. म्हणजे आपलं तोंड उत्तरेला. म्हणजे मारुतीचं तोंड...

रिकामी वाटी पदराखाली धरून ती थेट मैदानावर गेली.

माणसं नुकतीच कामाला लागली होती. बाई माणूस मैदानाच्या मधोमध येऊन उभं राहिलेलं पाहून कुदळी थांबल्या.

"नाथा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून सगळे जवळ आले. "मैदान फिरव. तुज्या कागदावर हाय तसं कर. आता राखनाऱ्याच्या डोळ्यांत मावळता दिस येतोय."

"काकी?"

"मी सांगितलं ते चुकलं."

गुंडा पुढं झाला. "आवं मनुवैनी, काय बोलताय? दक्षिणेला दार ठेवत न्हाईत, हे तुमीच म्हनला."

"म्हनले. घराच्या दाराचं म्हनले, आन ते खरंच हाय. पर गुंडाभावजी, दारातनं मानूस आत येतंय, भाईर जातंय. ह्या चौकटीतनं कोन आत येनार?"

"कुनी न्हाई. चेंडू."

"आन तो बी येऊ नये म्हनून तिथं एक गडी उभा. मंग ते दार कसलं? ती राखन झाली. आपल्या वेशीत राखनीला कोन उभा हाय?"

"मारुती."

"तोंड कुनीकडं करून?"

गुंडानं वेशीकडं मान वळवली. जन्मापासून पाहिलेला मारुती त्याला इथून दिसत नव्हता, तरी तो बघत राहिला. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "दक्षिणेला," तो पुटपुटला.

"संकट जिकडनं येतंय, तिकडं तोंड करून राखनारा उभा ऱ्हातोय. माज्या हे ध्यानातच आलं न्हाई." मनुबाई थांबली. पुढचं बोलणं जड होतं; तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "आनखी एक हाय. मैदान लांब केलं तर ते माज्या हळदीत येतंय, हे मला ठावं हुतं. तवा मी जे बोलले ते देवाचं बोलले का हळदीचं बोलले, माजं मलाच सांगता यीना. म्हनून तो शबूद धरू नगासा. रान घ्या. हळद मी सोमवारपासनं काढती."

रंगुबाई माती वाहणाऱ्या बायकांच्या घोळक्यात होती. तिनं मान खाली घातली.

"पर काकी," नाथाजी म्हणाला, "दिस आडवा येतुय ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"आकारामनं."

तिनं पत्रातलं सगळं सांगितलं, सूर्याला बाजूला हो म्हणावं, तिथपर्यंत. पोरं हसली. नाथाजी हसला नाही. तो जमिनीवर उकिडवा बसला, दुखरा पाय पुढं करून.

"त्या सामन्यात मी हुतो," तो म्हणाला. "मी पुढं खेळायचो. गोलाकडं माजी पाठ. मला दिस कवा डोळ्यावर आलाच न्हाई. आक्या म्हनत हुता, नाथ्या, दिसत न्हवतं रं. मी म्हनलो, सबबी सांगू नगंस." त्यानं बाळासोकडं पाहिलं. "परवा ह्याला बी तेच म्हनलो."

बाळासो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

मनुबाईनं वर पाहिलं. सूर्य चिंचेच्या वर चांगला कासराभर आला होता. दोन दिवसांनी तिनं त्याला डोळे भरून पाहिलं, आणि घरी जाऊन झाकलेली शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

रथसप्तमीला पंधरा दिवस राहिले होते. बायकांनी हळद काढली. अजून तीन आठवडे जमिनीत राहिली असती तर चांगली पोसली असती, पण काढली. गड्ड्यांचे ढीग बांधावर लागले आणि मागोमाग पुरुषांनी चाळीस पावलं रान सपाट केलं. फोडलेल्या ढेकळांतून तुटलेल्या हळदीची बोटं जागोजाग राहून गेली. ती वेचायला वेळ नव्हता. टेकडीच्या पायऱ्या आता मैदानाच्या पुऱ्या लांबीला आल्या. तिथं बसलेल्यांच्या पाठीवर ऊन, आणि समोर या गोलापासून त्या गोलापर्यंत सगळं उघडं. गुंडानं उत्तरेची चौकट स्वतःच्या हातानं उभी केली. तुळईला त्यानं शेंदराचा ठिपका लावला आणि दक्षिणेकडं तोंड करून नारळ फोडला.

रथसप्तमीला मनुबाईनं अंगणात रथ रेखला, दूध उतू घातलं. दुपारी पायऱ्या माणसांनी भरल्या. सांगलीची पोरं मोटारीनं आली, पायांत बूट घालून. हिवरखोपची अनवाणी. हरिबा पहिल्या पायरीवर बसला आणि मागं वळून त्यानं विचारलं, "दिसतंय का रं गुंडा?"

"तुजा फेटा सोडून समदं."

मनुबाई बायकांच्या पायरीवर बसली नाही. ती आपल्या जुन्या बांधावर, उत्तरेच्या गोलाच्या बाजूला उभी राहिली. तिला खेळ कळत नव्हता. ती बाळासोकडं पाहत होती. सूर्य त्याच्या उजव्या कानापलीकडं टेकडीवर उतरत होता, आणि एकदाही त्याचा हात कपाळाला गेला नाही. त्यानं दोन चेंडू अडवले. एकावर तर असा आडवा झेपावला की पायऱ्यांवरून धुरळा उठावा तशी आरोळी उठली.

शेवटी शेवटी सांगलीच्या एका उंच पोरानं लांबून चेंडू मारला. बाळासो वेळेवर उडाला, पुरा लांब होऊन उडाला. चेंडू त्याच्या बोटांच्या टोकांना घासून खांबाच्या आतून गेला. तेवढा एकच गोल झाला, आणि हिवरखोप हरलं.

सगळे सांगलीच्या पोरांना गूळ-शेंगा वाटायला धावले. बाळासो गोलातच बसून राहिला. मनुबाई हळूहळू त्याच्यापाशी गेली. त्याचे गुडघे आणि कोपर पिवळेधमक झाले होते, आणि मनगटाला हळदीचं तुटलेलं बोट चिकटलं होतं.

"लेकरा," तिनं विचारलं, "दिसला का?"

"दिसला, काकी," बाळासो म्हणाला. "त्याच्या पायातनं सुटल्यापासनं दिसत हुता. पर हात पुरला न्हाई."

"दिसला न्हवं?"

"व्हय."

मनुबाईनं ते हळदीचं बोट त्याच्या मनगटावरून काढलं, पदरानं पुसलं आणि कनवटीला लावलं. मग ती टेकडीकडं वळली. सूर्य अजून थोडा वर होता. तिला त्याच्याशी जरा बोलायचं होतं.